साहेबांच्या पाठीवरची शाळा

साहेब येणार म्हटलं की रंग मारायचा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. नांदेडच्या नदीकाठच्या गिरणीशाळेतही तेच झालं. गिरणी कधीच बंद पडली, पण कामगारांच्या पोरांसाठी बांधलेली तिची काळ्या दगडाची शाळा अजून भरत होती. आता ती पाडून तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स उठणार होतं. शाळा निजामाच्या काळातली आहे हे वारसा समितीच्या साहेबांना पटलं, तरच ती वाचणार होती.

मुख्याध्यापक रामकिशन सर इथंच शिकले, इथंच मास्तर झाले. त्यांचा जीव टांगणीला लागला होता. शिपाई भुजंगला "साहेब येणार हाय, शाळा चकाचक कर" एवढं सांगून ते लोह्याला लग्नाला गेले. परत येऊन बघतात तर काय, अख्खी शाळा गुलाबी! भिंती, कमानी, खांब, सगळ्यांवर ऑइलपेंट.

"लई भारी दिसून राहिली की न्हाई, सर?" भुजंग म्हणाला. "कालच बांधल्यावानी!"

सर मटकन पायरीवर बसले. पायरी तेवढी वाळली होती, एवढंच नशीब.

तेवढ्यात पांढराशुभ्र शर्ट घातलेले आदिनाथ साहेब गाडीतून उतरले. "जुनी शाळा कुठंय?"

"हीच, साहेब."

"ही? ही तर माझ्या पोरापेक्षा लहान दिसते! काही पुरावा?"

पुरावा कुठून आणणार? सर गिरणीच्या आठवणी सांगत सुटले आणि साहेब कंटाळून खांबाला टेकले. शेवटी घड्याळ बघून ते गाडीकडे वळले, तशी सरांना त्यांची पाठ दिसली. तिच्यावर गुलाबी अक्षरांच्या ओळी उमटल्या होत्या. सगळ्या उलट्या.

खांबाच्या दगडावर उठावाची अक्षरं कोरली होती तर! दर पंधरा ऑगस्टला चुना फासून फासून ती कुणाला दिसलीच नव्हती.

"बोलू नका, सर," भुजंग कुजबुजला. "शर्टाचं कळलं तर साहेब आपल्याला सोलतील."

पण साहेब सीटला टेकले की सगळं पुसलं जाणार. सर गाडीच्या दाराला आडवे आले. "बसू नका साहेब! शर्ट काढा!"

समोरच्या गिरणीच्या चाळीत वीरभद्रचं सलून होतं. साहेब तिथं बनियनवर उभे राहिले, सरांनी शर्ट आरशासमोर धरला, आणि अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकानं खणखणीत आवाजात वाचलं, "कामगार पाठशाळा, सन १९३४."

साहेब रागानं लाल झाले होते, ते हळूहळू हसायला लागले. "खांब जपा. आणि हा शर्ट मी फाइलला जोडतो. पाडू देत नाही आता."

नुसत्या बनियनवर साहेबांना पाठवणं बरं दिसेना, म्हणून सरांनी स्वतःचा शर्ट त्यांना घातला. गाडी दिसेनाशी झाल्यावर ते शाळेत पळत आले आणि बनियनवरच त्या खांबाला कडकडून मिठी मारली.

"सर," भुजंग घाबरत म्हणाला, "रंग वाळला न्हाई अजून."