छत्रीसाठी ठोकलेला खिळा

मी एक जुनी सागवानी मांडणी आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं फिरलेलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे "ही एवढी कावते कशाला?" असं कुणी विचारायला नको. मांडणी म्हटलं की तुम्हाला स्वयंपाकघरातली डब्यांची मांडणी आठवेल. ती मी नव्हे. मी अड्याळच्या डाकघरातली पत्रांची मांडणी. चौकोनी खणांच्या रांगा, आणि प्रत्येक खणावर एकेका आळीचं नाहीतर आसपासच्या गावाचं नाव. भंडाऱ्याहून एसटीनं डाकेची थैली यायची. पत्रांवर शिक्के मारायचे, ज्याची त्याची पत्रं ज्याच्या त्याच्या खणात लावायची, आणि तिथून पोस्टमननं ती उचलून घरोघर न्यायची. इतकं साधं काम. पण साधं काम साधेपणानं करील तो माणूस कसला!

मला भैयाजी सुतारानं घडवलं. माझ्या अंगात त्यानं एकही खिळा मारला नाही. सगळ्या फळ्या खाचेत बसवल्या, लाकडाच्या खुंट्यांनी आवळल्या. "खिळा गंजते, लाकडाले लाकूडच पकडते," असं तो म्हणायचा. मला बैलगाडीतून डाकघरात आणलं तेव्हा लोक हात फिरवून बघायला आले होते. ते कौतुक एका आठवडी बाजारापुरतं टिकलं. पुढच्या बाजारी कोणीतरी माझ्या डोक्यावर चहाची किटली ठेवली.

पोस्टमास्तर होते सेवकराम. माणूस वाईट नव्हता, पण आळस असा, की काय सांगू! त्यांनी एका रिकाम्या खणावर "इतर" अशी चिठ्ठी डकवली आणि माझी दुर्दशा सुरू झाली. पत्ता नीट लागला नाही, टाक "इतर"मध्ये. गावात चंद्रभागाबाई दोन, त्यातली कोणती हे विचारायचा कंटाळा, टाक "इतर"मध्ये. उद्या बघू, टाक "इतर"मध्ये. तो उद्या काही उजाडला नाही. बाकीचे खण रिकामे आणि "इतर"चं पोट फुगलेलं. अहो, नाव नसलेल्या खणात ठेवलेली गोष्ट हरवलीच म्हणून समजा. तिला शोधायला जाणार कोण, आणि कुठे?

त्यात नसती डाक. केस उगवायच्या तेलाची छापील पत्रकं यायची, टक्कल असणाऱ्यांनाही आणि नसणाऱ्यांनाही. देवीच्या नावाची कार्डं यायची. "हेच कार्ड आणखी अकरा जणांना लिहा, न लिहिल्यास बैल मरेल." मग ते अकरा जण घाबरून आणखी अकरा-अकरा जणांना लिहायचे. ती कार्डं वाटून वाटून आमचा पोस्टमन, खुशाल त्याचं नाव, टेकीला आला. बैल कोणाचा मेला नाही, त्याची चप्पल तेवढी मेली. अशी कार्डं फाडून चुलीत घालायची असतात, मित्रांनो, पुढे पाठवायची नसतात! पण मला विचारतो कोण?

हे सगळं मी सोसलं. पण सेवकरामांची छत्री मात्र मी सोसणार नाही. पावसाळ्यात ओली छत्री ठेवायची कुठे, हा त्यांचा मोठा प्रश्न. भिंत मातीची, तिच्यात खिळा टिकेना. तेव्हा त्यांनी सरळ माझ्या पाठीत खिळा ठोकला! भैयाजीनं ज्या अंगाला लोखंड लागू दिलं नाही, तिथे एका छत्रीपायी खिळा. तो पाठीतून आरपार घुसला आणि त्याचं टोक तिरपं होऊन आतल्या खणात निघालं. तो खण होता तलावाकडच्या आळीचा.

झालं. त्या आळीची पाकिटं भोकं पडलेली जाऊ लागली, कडा फाटू लागल्या. लोक तक्रार करू लागले.

"उंदरं झाले जी," खुशाल म्हणाला. "पिंजरा आना."

पिंजरा आला. भज्याचा तुकडा लावून तो माझ्या पायाशी ठेवला. त्यात उंदीर सापडला नाही, सेवकरामांचा अंगठा सापडला. मग म्हणे चिठ्ठ्या जुन्या झाल्या, नव्या डकवा. डकवल्या. मग म्हणे मांडणीला रंग द्या. मला हिरवा रंग फासला, खणांच्या आत एक बोट न घालता, फक्त तोंडावर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! अहो, काही बिघडलं तर आधी आत हात घालून बघावं की नाही?

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय ते ऐका. सन पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट आहे. तलावाकडच्या आळीत तुलाराम आणि कौशल्याबाई राहायचे. धानाची शेती, आणि लग्नाची एक मुलगी, रुखमिणी. एकोडी गावची माणसं तिला बघून गेली होती. मुलाचं नाव इश्वर. मुलगी सगळ्यांना आवडली होती, पण मुलाचे आजोबा, सुखरामबाबा, आजारी म्हणून येऊ शकले नव्हते. "बाबांना विचारून कार्ड टाकतो," असं सांगून ती मंडळी गेली. तेव्हापासून रुखमिणी बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन आमच्या खिडकीशी उभी राहायची.

"आमचं काही आलं का जी?"

"येईन तं खुशाल आनून देईन ना!" सेवकराम खेकसायचे.

 मी खिडकीला लागूनच उभी. ती तिथून हात घालून पदरानं माझ्या कडेची धूळ पुसायची आणि जायची. माझी धूळ पुसणारी त्या गावात ती एकटीच, म्हणून मलाही त्या कार्डाचा घोर लागला होता.

आणि एकदाचं कार्ड आलं. इश्वरच्या बापानं लिहिलेलं. "सुखरामबाबांनी होकार दिला आहे. रविवारी साक्षगंधाला येतो, तयारी ठेवा." साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. माझ्या खणात असं कार्ड, माझ्या रुखमिणीचं! पण खुशालला त्या दिवशी घाई. त्यानं मुठीनं सगळी पत्रं ओढली. टर्र! कार्डाचा कोपरा खिळ्यावर राहिला आणि कार्ड पिशवीत गेलं. मी किंचाळले असते, पण मांडणीला तोंड कुठलं!

फाटला कोपरा तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. सगळं बिघडलं. आमच्या भागात मरणाची बातमी कार्डानं कळवायची असली, की लिहिणारा कार्डाचा एक कोपरा फाडतो. असं कार्ड घरात नेत नाहीत. दाराबाहेर वाचतात आणि वाचून झालं की फाडून टाकतात. त्यात खुशालची आणखी एक रीत. एरवी तो प्रत्येकाचं कार्ड दारात उभा राहून खणखणीत वाचून दाखवायचा, मग कोणी सांगो न सांगो. पण एकदा मरणाची बातमी त्याच्या तोंडून ऐकली म्हणून एका बाईनं त्यालाच शिव्याशाप दिले. तेव्हापासून कोपरा फाटलेलं कार्ड दिसलं की तो वाचायचाच नाही. उंबऱ्याबाहेर दगडाखाली ठेवायचा, हाक मारायचा आणि खाली मान घालून निघून जायचा. त्यानं तेच केलं.

तुलाराम अक्षर अक्षर जुळवून वाचायचा. त्यानं वर "एकोडी" वाचलं. मग "सुखरामबाबांनी" वाचलं. तेवढ्यात कौशल्याबाईंना फाटका कोपरा दिसला आणि त्यांनी हंबरडा फोडला. आळी गोळा झाली. पुढचं वाचतो कोण! म्हातारा आजारी होताच, तेव्हा गेला. अर्धवट वाचलेलं कार्ड खिशात कोंबून तुलाराम बायकोला आणि चार माणसांना घेऊन एसटीत चढला. "मातीले जाऊन राहिलो," असं त्यानं कंडक्टरला सांगितलं. लोकांनी उठून जागा दिली. अरे, दोन ओळींचं कार्ड! एक ओळ तरी पुरी वाचायची होती रे बाबांनो!

पुढचं सगळं तुलारामनं खुशालला सांगितलं, खुशालनं सेवकरामांना सांगितलं, आणि कान मलाही आहेत. एकोडीला घर दिसताच कौशल्याबाईंनी गळा काढला. अंगणात खाटेवर एक म्हातारा अंबाडीची दोरी वळत बसला होता. एवढी माणसं रडताना बघून त्याचेही डोळे भरून आले.

"कोन गेला वो बाई?" त्यानं विचारलं.

"सुखरामबाबा गेले जी!" कौशल्याबाई म्हणाल्या.

"मी? कवा?"

 इश्वरची आई सुमित्राबाई आतून आली. तिनं कार्ड मागितलं, इश्वरच्या बापानं वाचलं, आणि मग फाटका कोपरा बघून ती जी भडकली!

"आमी धड कार्ड टाकलं होतं. कोपरा यायनंच फाडला. पोरगी द्याची नसन तं तसं सांगा. जित्या मानसाले काहून मारता? नाही होत आता साक्षगंध!"

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. तुलाराम शपथा घेत राहिला, कोणी ऐकेना. सगळे परत आले. पुढच्या बाजारी रुखमिणी पिशवी घेऊन डाकघरासमोरून गेली. थांबली नाही, विचारलंही नाही. माझ्या कडेवर धूळ तशीच होती, आणि आत खिळ्यावर तो कोपरा तसाच अडकलेला. मी तिथे उभ्या उभ्या जळत होते. सगळा गाव कोपरा कोणी फाडला यावर पैजा लावत होता, आणि माझ्या खणात डोकावायला एकाला सवड नव्हती.

डोकावला तो मेलेला माणूसच. सुखरामबाबा काठी टेकत, सुनेला बरोबर घेऊन, एसटी बदलत बदलत अड्याळला आले. आधी तुलारामच्या घरी गेले आणि तिथून सगळ्यांना घेऊन थेट डाकघरात. रुखमिणी खिडकीबाहेरच उभी राहिली.

"मास्तर," बाबा म्हणाले, "कार्डावर बसून मी घरून निघालो तवा जिता होतो. तुलारामच्या दारात पोचलो तवा मेलो. मंग मंधात मले मारलं कोनं?"

"उंदरं हायेत जी," सेवकराम म्हणाले.

"उंदीर कुरतडते. हा फाटला हाये. यायचं कार्ड कोन्त्या खनात ठेवता?"

खुशालनं खण दाखवला. बाबांनी आत हात घातला. इतक्या दिवसांत बघायला म्हणून आत गेलेला पहिला हात!

"अरे बाप्पा!" म्हणून त्यांनी तो झटकन बाहेर काढला. बोटातून रक्त आलं होतं, आणि त्याच चिमटीत पिवळा कागदाचा तुकडा होता. सुमित्राबाईनं तो घेतला आणि कार्डाला लावून बघितला. बरोबर बसला. तिनं कार्ड उलटं करून पुन्हा बघितलं.  मग ती खिडकीकडे वळली.

"रुखमिणी, पानी आन वो माय. तुह्या आजेसासऱ्याचं बोट धुवाचं हाये."

मित्रांनो, मी लाकडाची आहे, तरी तेव्हा मला गहिवरून आलं.

बाबा हसत होते. "मेल्याची बातमी उठली का आयुष्य वाढते म्हनतात. मास्तर, तुमच्या खिळ्यानं मले वर्सं देल्ले. पन आता बस झालं." ते बाहेर गेले, एक दगड घेऊन आले आणि खणात हात घालून त्यांनी खिळ्याच्या टोकावर घाव घातले. खिळा मागे सरकला, मग निखळला. मागच्या बाजूला छत्री धाडकन पडली.

"माही छत्री जी!" सेवकराम ओरडले.

"छत्री डोक्शावर धरा मास्तर, तिची जागा थेच हाये."

साक्षगंध झालं, लग्न झालं. लग्नाचे लाडू डाकघरात आले. सेवकरामांनी ते कुठे ठेवले असतील? "इतर"मध्ये! दोन दिवसांनी मुंग्यांनी खाल्ले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

पुढे सेवकराम निवृत्त झाले. ऐंशी साल उलटून गेलं, डाकघरात फोन आला, माझा हिरवा रंग पोपडे धरून गळू लागला. आता माझ्यावर जुने फॉर्म, झाडू आणि दिव्याच्या काचा ठेवतात. खण अजून वापरतात, पण पुसत नाहीत. म्हणून हात जोडून सांगते, म्हणजे जोडले असते. रोजची डाक रोज लावा, "इतर"च्या नावाखाली आळस साठवू नका, पत्र आलं की शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. आणि काही बिघडलं तर रंगाचा डबा उघडण्याआधी आत हात घाला. माझ्यासाठी नको, तुमच्या एखाद्या रुखमिणीसाठी घाला.

मागच्या उन्हाळ्यात एकोडीहून एक कार्ड आलं. तुलारामच्या नावाचं. पत्ता रुखमिणीच्या अक्षरात होता आणि थैलीतून निघालं तेव्हाच कोपरा फाटलेला होता.

खुशालचे केस आता पिकले आहेत. त्यानं ते कार्ड तलावाकडच्या आळीच्या खणात ठेवलं नाही. कार्ड एका हातात धरून दुसरा हात त्यानं आत घातला. मागची फळी चाचपली. कडा चाचपल्या. कोपऱ्यांत बोटं फिरवली. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं चाचपलं. त्याला काय हवं होतं ते मला कळत होतं, पण माझ्याकडे ते नव्हतं. फळी गुळगुळीत होती. भैयाजीनं केली होती तशी.

जन्मभर मी त्या खिळ्याला शिव्या दिल्या, मित्रांनो. त्या दिवशी मात्र वाटलं, असता खिळा तर किती बरं झालं असतं.