आठवा खड्डा

लहान मुलांच्या शाळेसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. आठ कॉलम, आठ खड्डे, प्रत्येक पाच फूट खोल, असं कागदावर ठरलेलं. खणायचं काम एका नवराबायकोच्या टोळीकडे होतं. नवरा मुकादम, म्हणून बायकोला सगळे वहिनी म्हणायचे, अगदी वयानं मोठे गवंडीसुद्धा. वहिनी बावीस वर्षं खणत आली होती. कुदळ कशी बसते त्यावरून खाली काय आहे ते तिला कळायचं. पण तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

सात खड्ड्यांत पाच फुटांवर मुरूम लागला, घट्ट, कुदळीला दाद न देणारा. आठवा खड्डा कोपऱ्यातला. तिथं पाच फुटांवरही काळी भुसभुशीत माती, त्यात राख, कौलांचे तुकडे, एका फुटक्या कपाचा कान. कधीकाळी कुणीतरी कचरा टाकून तिथं भर घातली होती.

वहिनीनं पहार उभी धरून तिच्यावर नुसता अंगाचा भार दिला. पहार हातभर आत गेली.

"शेठ, हा अजून खाली न्यावा लागेल," ती खड्ड्यातूनच म्हणाली.

वर ठेकेदार उभा होता. "पाच म्हणजे पाच. इंजिनिअर साहेबांनी मापून दिलंय."

"साहेबांनी वरून मापलं. खाली मी आहे."

माल वाहणाऱ्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं आणि ठेकेदाराचा पारा चढला. मिक्सर सकाळपासून सुरू होता. सहा खड्ड्यांच्या तळाला काँक्रीटचा थर पडला होता, आणि संध्याकाळच्या आत आठही उरकायचे असा त्याचा हिशेब होता.

"वर ये, बाई. माल तयार आहे."

"नाही येत."

नवरा काठाशी येऊन उकिडवा बसला. "अगं, ये वर. आपल्याला काय करायचंय? आपलं घर आहे का ते?"

"आपलं असतं तर तुम्ही पाचावर थांबला असता?"

तो हातातलं ढेकूळ चुरगाळत बसला.

वहिनीनं एकदा मूग गिळले होते. एका दुकानाच्या पायाच्या खड्ड्यात अशीच भर लागली होती, ती बोलली नाही, वरून काँक्रीट पडलं. तिसऱ्या वर्षी दुकानाच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग गेली. बाजाराला जाताना ती भेग रोज दिसायची. तिला कुणी बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त खुपायचं.

"ओता रे माल," ठेकेदार ओरडला. "अंगावर पडायला लागला की येईल आपोआप वर."

दोन बायका भरली घमेली घेऊन काठापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"आत माणूस आहे, शेठ," त्यातली एक म्हणाली.

"मला दिसतंय ते."

"मग तुम्हीच ओता." तिनं घमेलं त्याच्या पायाशी ठेवलं.

ठेकेदारानं घमेल्याला हात लावला नाही. खाली वहिनीची कुदळ चालूच होती. फावड्याफावड्यानं माती वर येत होती आणि त्याच्या बुटांवर पडत होती. मुद्दाम नव्हे, पण वहिनी जपूनही टाकत नव्हती.

"शेठ, माल आवळायला लागलाय, थोड्या वेळात दगड होईल," मिक्सरवाला म्हणाला.

"तो सातव्यात टाका," खालून वहिनीचा आवाज आला. "त्याचा तळ मी सकाळीच साफ करून पाणी मारून ठेवलाय. सातवा भरेस्तोवर मी इथं खाली जाते."

ठेकेदारानं इकडंतिकडं पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. माल फुकट घालवायचा नसेल तर दुसरा मार्ग नव्हता.

"सातव्यात टाका," तो म्हणाला, जणू त्यालाच ते सुचलं होतं.

मग नवऱ्यानं चप्पल काढली आणि तो खड्ड्यात उतरला. दोघांना कुदळ फिरवायला जागा नव्हती, म्हणून एकानं खणायचं, दुसऱ्यानं पाट्या भरायच्या. घमेलं ठेवणारी बाई वरून पाट्या ओढत राहिली. सहा फुटांवर राख. साडेसहावरही राख.

"झालं का समाधान?" ठेकेदारानं विचारलं.

"नाही झालं."

सात फुटांवर कुदळ उसळून आली आणि वहिनीच्या मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या. तिनं चारही कोपरे पहारीनं ठोकून पाहिले. कुठंच आत जाईना.

"उतरून बघा, शेठ."

ठेकेदारानं खोल खड्ड्याकडं आणि मग आपल्या कपड्यांकडं पाहिलं.

"नसेल बघायचं तर माझ्या शब्दावर ओता."

त्यानं हातानंच खूण केली. आधी नवरा शिडीनं वर आला, मग वहिनी, आणि तिच्यामागं लगेच पहिलं घमेलं रिकामं झालं. शेवटचं पडेपर्यंत ती काठावरून हलली नाही.

दिवस मावळायच्या सुमारास ठेकेदारानं नवऱ्याला बाजूला घेतलं, पण बोलला ते तिला ऐकू जाईल असं. "उद्यापासून तुम्ही दोघं येऊ नका. मला कामावर वाद नको."

"नाही येत," वहिनीच म्हणाली. "खणायचं काम संपलंच आहे."

तिनं नळावर कुदळ, पहार, फावडी निवांत धुतली, दांड्यांवरची माती बोटानं खरवडून काढली. नवरा शेजारी धुमसत उभा होता. निम्म्या रस्त्यात तो म्हणाला, "आणि सातवरही मुरूम लागला नसता तर?"

"तर आठवर."

"आणि आठवर नसता लागला तर?"

"चला हो," ती म्हणाली आणि कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेतली.