अमृतरावांचं ताट

विमलच्या पत्राला रेणुकादास गुरुजींनी दहा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात इस्लापूरहून आलेलं ते पत्र त्यांना पाठ होतं. "तुमच्या भयकथेतल्या दैत्याचा शापित पूर्वज म्हणून माझ्या पणजोबांचं नाव घातलंत. अंक गावात पोचलाय. आमच्या विहिरीला पाणी आहे, पण बाया कोसभर लांब जातात, आमचं घेत नाहीत. रक्ताची गोष्ट तुमच्या मनातली आहे, एवढं लिहून पाठवा. मी वाचून दाखवीन."

इस्लापूरच्या शाळेत दोघं शिकवत होते तेव्हा विमलनंच त्यांना सगळं सांगितलं होतं. निजामाच्या राज्यात अमृतरावांनी एक गुप्त पंथ चालवला. अमावास्येला दार लावून सगळ्या जातींची माणसं एका ताटात जेवायची. गावाला कळलं आणि गावानं शाप दिला, ह्या घरचं पाणी जो पिईल त्याचं वाटोळं होईल. सांगून झाल्यावर विमलनं दोघांत एकच ताट वाढलं आणि समोर बसली. गुरुजींचे कान तापले. "भूक नाही," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

पुढं निलंग्याला बदली झाली. त्या ताटाची आठवण काढत काढत त्यांनी कथा लिहिली आणि वाचकांना भीती वाटावी म्हणून भाकरीच्या जागी रक्त घातलं. नाव तेवढं बदलवेना. ते लिहिताना ती जवळ असल्यासारखी वाटायची.

उत्तराचे मसुदे पुष्कळ झाले. प्रत्येकात शेवटी 'त्या दिवशी मला भूक होती' हे वाक्य यायचंच. ते ठेवलं की लाज वाटायची, खोडलं की पत्र पोकळ वाटायचं. कागद पुन्हा पेटीत जायचा.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी छापखानेवाले नरसिंग विशेषांक काढत होते.

"गुरुजी, तुमची ती रक्ताची कथा पुन्हा छापून राहिलो. नव्या जिल्ह्याला जरा भिववू."

"नका छापू."

"का? अमृतराव रागावतेत का काय?"

"अमृतराव खरे होते. रक्त मी घातलं." मग न थांबता त्यांनी विमलचं पत्रही सांगून टाकलं.

नरसिंग हसायचे थांबले. "आन् दहा वर्षं काय करून राहिलात?"

"मसुदे."

"लई मोठं असंल उत्तर. बाईंनी मागितलं काय होतं?"

"एक ओळ."

"मग एकच लिहा की."

नरसिंगांनी टेबलावरचे छपाईचे खिळे बाजूला सारले. गुरुजींनी तिथंच बसून लिहिलं, "अमृतरावांनी माणसांना एका ताटात जेवू घातलं, रक्ताची गोष्ट सगळी माझ्या मनातली आहे." खाली पूर्ण नाव, 'माजी शिक्षक, इस्लापूर', तारीख. पेन थोडा वेळ कागदावर तसंच धरून ठेवलं, मग टोपण लावलं.

ती अजून तिथं असेल का, गावात आता कोण कुठलं पाणी पितं, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पाकिटावर तालुका किनवट, जिल्हा नांदेड लिहून ते पोस्टात गेले आणि पत्र पेटीत टाकलं.