सगळ्यांना उघडणारी फाइल

श्रीरामपुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात १९९८ साली लिनक्सचा सर्व्हर बसला. बसवणारा यज्ञेश्वर नगरहून एसटीने यायचा. सुरुवातीला लॅबने टाइप केलेले रिपोर्ट वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर उघडेनात. रोज बोंब. शेवटी मोठे डॉक्टर वैतागले, "अहो, दिसू द्या ना सगळ्यांना! इथं काय लपवायचंय?"

नवी फाइल कुणाकुणाला वाचता येईल हे ठरवणारा सर्व्हरवरचा 'यूमास्क'चा आकडा यज्ञेश्वरने बदलला. तेव्हापासून सामाईक फोल्डरमध्ये पडणारी प्रत्येक नवी फाइल दवाखान्यात कुणालाही वाचता येऊ लागली.

वृषाली तिथेच नर्स होती. नवरा आदल्या वर्षी खंगून गेला; कशाने, ते सासरच्यांनी तिला सांगितलं नव्हतं. तिचाही ताप हटेना, तेव्हा तिने लॅबमध्ये रक्त दिलं.

एका सकाळी तिने ड्यूटीवर येऊन वॉर्डातलं एक तान्हं बाळ उचललं, तर झुंबरबाई आयाने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"सिस्टर, राग नका मानू. तुमचा रिपोर्ट आलाय म्हनं. त्यो एड्सचा. काउंटरवर समद्यांनी वाचला."

यज्ञेश्वर त्या दिवशी आलेला होता. वृषाली तशीच सर्व्हरच्या खोलीत त्याच्याकडे गेली.

"माझी फाइल कुणी उघडली?"

"सांगता येणार नाही, सिस्टर. ती सगळ्यांनाच उघडत होती." त्याला मान वर करवेना. "मीच तसं ठेवलं होतं."

त्याने तिच्यासमोरच आकडा बदलला. आता रिपोर्ट फक्त लॅब आणि डॉक्टरांपुरते.

"म्हणजे माझी बंद झाली?"

"नाही. हे पुढच्या फायलींना लागू. जुन्या वेगळ्या बंद कराव्या लागतात." तो घाईने टाइप करू लागला.

"थांबा," ती म्हणाली. "आधी मला दाखवा. मी अजून वाचलेला नाही."

त्याने फाइल उघडली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. ती बाहेर आल्यावर त्याने जुन्या फायलीही बंद केल्या.

ट्रस्टने वृषालीला रजेवर पाठवलं. ती जामखेडला आईकडे गेली. इकडे रिपोर्ट उघडत नाहीत म्हणून काउंटरवाल्यांनी पुन्हा तक्रार केली, मोठ्या डॉक्टरांनी फोल्डर मोकळं करायला सांगितलं. यज्ञेश्वरने नकार दिला. त्याचं काम दुसऱ्याला मिळालं आणि फोल्डर पुन्हा सगळ्यांना उघडू लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो जामखेडला तिला भेटायला गेला. तिची आई, आक्काबाई, दारातच बसली होती.

"उशीर केला, बाबा. म्हैना झाला तिला जाऊन," ती म्हणाली. "शेवटची आंघूळ घालायला बी कुनी बाई आली न्हाई. मी एकलीनंच घातली."