एक जीबीची वेस

मी मर्यादा बोलतेय. या दवाखान्याच्या युनिक्स संगणकावर कोणाची फाइल किती वाढू द्यायची, हे मी ठरवते. एक जीबी झाली की माझा हात आडवा. एखादा प्रोग्राम चेकाळला, तर त्याने एकट्यानेच सगळी डिस्क गिळू नये, म्हणून मशीनच्या जन्मापासून मला इथे बसवलंय. इतकी वर्षं माझ्यामुळे कोणाचं अडलं नाही, त्यामुळे मी कोणाच्या लक्षातही नव्हते.

त्या सकाळी जुनी डिस्क कुरकुरू लागली. तिच्यात एका बाईंच्या मेंदूचे सगळे स्कॅन एकाच मोठ्या फाइलीत होते, आणि दुपारी बाईंचं ऑपरेशन. मशीन सांभाळणाऱ्या ताई ती फाइल नव्या डिस्कवर उतरवायला बसल्या. सर्जन शेजारी उभे.

एक जीबी झाली. मी हात आडवा केला.

"जागा संपली?" सर्जननी विचारलं.

"जागा ढीगभर आहे. ही मर्यादा आडवी येतेय. काढूनच टाकते."

ताईंनी माझा आकडा खोडून सगळ्यांसाठी 'अमर्याद' लिहिलं. पुन्हा कॉपी लावली. पुन्हा एक जीबी, आणि पुन्हा मीच.

माझी एक रीत आहे. लॉगिन करणाऱ्याला मी दारातच त्या वेळच्या आकड्याचा बिल्ला देते. तो बाहेर पडेपर्यंत तोच चालतो. ताई सकाळपासून आतच होत्या. त्यांच्या गळ्यात जुना बिल्ला. सांगणार कशी? मला फक्त अडवता येतं.

डिस्क आता खरवडल्यासारखी वाजत होती.

"ताई, ही किती वेळ तग धरेल?"

"डॉक्टर, तुम्ही कवटी उघडता तेव्हा मी तुमच्या कोपराशी उभी राहते का? बसा तिकडे."

सर्जन खुर्ची ओढून बसले. ताईंची बोटं थांबली. "अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मी बाहेर कुठे पडले?"

त्यांनी लॉगआउट केलं, पुन्हा लॉगिन केलं. नवा बिल्ला मिळाला. फाइल वेस ओलांडून गेली. शेवटचा स्कॅन उतरला आणि थोड्याच वेळात जुनी डिस्क गप्प झाली, ती कायमचीच.

"मर्यादा परत घालाल ना?" सर्जननी उठता उठता विचारलं.

"घालते की उद्या."

बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. तो उद्या मात्र अजून उगवलेला नाही. कोपऱ्यात त्यानंतर सुरू झालेल्या एका प्रोग्रामची नोंदींची फाइल रोज फुगतेय. माझी वेस तिने कधीच मागे टाकली. नव्या डिस्कवर आता दुसऱ्यांचे स्कॅन आहेत, आणि माझा हात उठत नाही.

ताई, मला माझा आकडा परत द्या. हवा तर मोठा द्या, पण डिस्क भरायच्या आत द्या.