हाउगनांच्या अंगणात परका ट्रक

हाउगन घराण्यात तीन पिढ्या एकाच कंपनीचे ट्रक आले. माणसांनी चर्च बदललं, पक्ष बदलला, एका चुलत्याने तर बायकोही दोनदा बदलली, पण ट्रकच्या कंपनीला कुणी हात लावला नाही. म्हातारा हाउगन जिवंत होता तोवर जावयाला दुसऱ्या कंपनीचा ट्रक फाटकाबाहेर रस्त्यावर लावून आत चालत यावं लागे. हे कुणी हसण्यावारी नेत नसे. म्हातारा खरोखर व्हरांड्यात येऊन खात्री करून घ्यायचा.

म्हणून ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी म्हाताऱ्याचा थोरला मुलगा गस परक्या कंपनीचा पांढरा ट्रक घेऊन सरळ अंगणात शिरला आणि त्याला गुरांचा ट्रेलर जोडायला लागला, तेव्हा त्याची बायको नोरीन स्वयंपाकघराच्या खिडकीत हातातलं फडकं पिळायचं विसरून उभी राहिली. तिला भीती वाटली.

भीती ट्रकची नव्हती. कंपन्यांचं हे वेड तिला लग्न झाल्यापासून पोरखेळच वाटत आलं होतं. भीती गसची होती. गस म्हणजे साठी उलटलेला, कपाच्या कानापासून टोपीच्या रंगापर्यंत काही म्हणजे काही न बदलणारा माणूस. असा माणूस एका आठवड्यात बापाची कंपनी सोडतो आणि का ते सांगत नाही, तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. काय, ते तिला कळत नव्हतं आणि विचारायचा धीर होत नव्हता.

गसचा धाकटा भाऊ मर्ल कुंपणाला रेलून मजा बघत होता. त्याचं घर पलीकडच्याच शेतावर.

"अरे, बाबा थडग्यातून उठून बसतील," मर्ल म्हणाला.

"बसू देत. ट्रेलर ओढायचाय, ट्रकशी लग्न नाही लावायचं."

"बुधवारी आपल्या कंपनीचा चालवलास ना? काय वाईट होतं त्यात? घाट असा चढला, मागे ट्रेलर आहे की नाही कळेना!"

"चढाचं काय घेऊन बसलास तू," गस म्हणाला आणि पुन्हा साखळी लावायला वाकला.

मर्लने खिडकीकडे बघून हाक मारली, "नोरीन, याच्या अंगात ताप आहे का बघ गं जरा!"

नोरीन हसली नाही. बुधवारी तीही त्या दुसऱ्या ट्रकमध्ये मागच्या सीटवर होती. वायोमिंगच्या त्या भागात नवा ट्रक घ्यायचा तर एकच रीत: ओळखीचा डीलर एका दिवसासाठी ट्रक देतो, घेणारा आपला भरलेला ट्रेलर जोडतो आणि एल्कहॉर्न घाट चढून जातो. वर किती वेगाने गेला यावर मग कॅफेत आठवडाभर बढाया चालतात. उताराबद्दल कुणी बोलत नाही. उतार सगळ्यांना जमतोच, असं धरून चालतात. बुधवारी चढावर मर्ल शिट्ट्या मारत होता. उतरताना मात्र ब्रेक जळाल्याचा वास येऊ लागला आणि गसच्या मानेवर घामाचे थेंब जमले. बाहेर बर्फ पडायचंच काय ते बाकी होतं आणि हा घामाने भिजलेला. पायथ्याशी पोचल्यावर तो एवढंच म्हणाला, "हा नको."

नोरीनने फडकं टाकलं आणि कोट घातला.

"मी येतेय."

"गुरांच्या लिलावात काय करणार तू?"

"तिथल्या कॅफेत बसेन. नाहीतरी तिथला तो जळका सँडविच मला आवडतो."

गसने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग खांदे उडवले. ट्रेलरमध्ये भाकड गायी चढवल्या होत्या. त्या खुरांनी फळ्या वाजवत होत्या. पलीकडच्या खोऱ्यातल्या लिलावाला त्यांना न्यायचंच होतं.

चढ छान गेला. तो पांढरा ट्रक कुठे कण्हला नाही की कुरकुरला नाही. नोरीनचं लक्ष रस्त्याकडे नव्हतंच. ती गसचे हात बघत होती. हात ठीक होते. डोळे ठीक होते. बोलणंही धड होतं. मग काय झालंय? त्याचे वडील शेवटी सगळं विसरायला लागले होते, तसं तर काही सुरू झालं नसेल? तिने तो विचार मागे ढकलला. तो पुन्हा पुढे आला.

घाटमाथ्यावर अवजड गाड्यांनी थांबून ब्रेक तपासायची मोकळी जागा आहे. तिथे गस उतरला. उतरताना त्याने दार घट्ट धरलं, खाली पाहिलं, डावा पाय टेकवला, मग उजवा पाय नीट बघून, जागा शोधून टेकवला. अंधारात जिना उतरावा तसा. बाहेर तर लख्ख ऊन होतं. नोरीनला एकदम आठवलं, घराच्या पायऱ्याही तो हल्ली अशाच उतरतो. आणि बूट. वर्षभर त्याने तिच्यासमोर बूट काढले नव्हते. मागच्या खोलीत एकटा बसून काढायचा आणि जाड मोजे घालूनच झोपायला यायचा. तिला वाटलं होतं, म्हातारपणी थंडी बाधते माणसाला. आता ते तिला पटेना.

"गस, तुला काही होतंय का?"

"भूक लागलीय. चल."

उतार सुरू झाला. गसने स्टिअरिंगजवळचं एक बटण दाबलं आणि ट्रकने खर्जातला आवाज लावला. आता इंजिनच सगळं ओझं मागे धरून ठेवत होतं. वेग वाढेना. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसती हवा, आणि ट्रक आपला शहाण्या बैलासारखा पावलं मोजत उतरत होता.

"बघ! बघ नोरीन!" गसचा चेहरा उजळला होता. कित्येक महिन्यांत तिने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. "पाय नुसता ठेवलाय खाली. ब्रेकला हातसुद्धा लावला नाही... म्हणजे पाय. आपल्या कंपनीच्या ट्रकातही हे बटण आहे, पण त्याला मधूनमधून पायाची मदत लागते. याला नाही. याला काही म्हणजे काही लागत नाही!"

"पायाची मदत लागली तर काय बिघडतं रे?"

गसचं हसू मावळलं.

पुढच्या वळणामागे एक फिरतं घर, आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, रांगत चाललं होतं. बाहेरगावचे लोक, घाटातले डोंगर बघत, सायकली मागे टांगून. अंतर झपाट्याने कमी झालं. इथे ब्रेक हवाच होता. गसने पाय उचलून दाबला.

इंजिन गरजलं. ट्रक थांबायच्या ऐवजी उसळला.

"गस!"

"दाबतोय!" तो ओरडला आणि आणखी जोरात दाबलं. ट्रकने आणखी उसळी घेतली. टांगलेल्या सायकलींची चाकं आता नोरीनला स्पष्ट दिसत होती आणि मागच्या काचेत एका लहान मुलाचं तोंड.

तिने खाली पाहिलं. त्याचा भलामोठा बूट ॲक्सिलरेटरवर होता. जीव खाऊन तो तेच दाबत होता.

"पाय! तुझा पाय! पाय बघ!"

गसने खाली पाहिलं. स्वतःचा पाय त्याला पाहून शोधावा लागला. तेवढ्यात नोरीनने पट्ट्यातून जमेल तेवढं पुढे झेपावून डॅशबोर्डाखालची ट्रेलरच्या ब्रेकची छोटी दांडी धरली. गडी माणसांना ती सरकवताना तिने शंभरदा पाहिलं होतं. तिने ती कचकन ओढली. मागून कुणीतरी शेपूट धरल्यासारखा झटका बसला. टायर किंचाळले, गायी एकमेकींवर आदळून हंबरल्या, ट्रेलर एका अंगाला झुकला आणि नोरीनला वाटलं, संपलं. आता कड्यावरून खाली. मग गसचा बूट एकदाचा खऱ्या ब्रेकवर पडला आणि ट्रक रुंद कडेच्या खडीत खरखरत जाऊन थांबला. फिरतं घर वळणाआड दिसेनासं झालं. त्यातल्या लोकांना कळलंही नसेल.

ती दांडी नोरीनच्या बोटांतून सुटेना.

"पाय कुठाय ते कळतच नाही मला," शेवटी गस म्हणाला. तो समोर काचेकडे बघत होता. "साखरेमुळे. डॉक्टरने सांगितलं होतं, हळूहळू जाईल. डावा बरा आहे. उजव्यात घोट्याखाली काही नाही. लाकूड बांधलंय जसं."

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून पुरतं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? किल्ल्या काढून घेतल्या असत्यास. मर्ल मला बाजूच्या सीटवर बसवून लिलावाला नेणार. पोराला शाळेत नेतात तसा. घाटापलीकडे डॉक्टर, बाजार, चर्च, सगळंच. इथे गाडी चालवता न येणारा माणूस म्हणजे मेलेला माणूस, नोरीन. तुला माहितेय."

तिला माहीत होतं. क्षणभर तिला त्याची इतकी कणव आली की त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. मग दुसरंच काही आठवलं.

"गस. मागच्या आठवड्यात तू एलिनला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेलास. याच घाटाने."

एलिन त्यांची नात. पहिलीत जाणारी.

गसने डोळे मिटले. "हळू नेलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

नोरीनने दार उघडलं आणि खाली उतरली. पाय लटपटत होते, पण कळत तरी होते. ट्रकला वळसा घालून ती त्याच्या बाजूला आली.

"सरक."

"तू भरलेला ट्रेलर घेऊन कधी उतरली नाहीस."

"नाही उतरले."

"आपण मर्लला बोलावू."

"आणि तोवर गायी या उतारावर उभ्या ठेवू? सरक म्हटलं ना."

तो सरकला. ती चढली, सीट पुढे ओढली, आरसे हलवले. समोर रस्ता खाली ओतल्यासारखा पडलेला. या घाटात ती नेहमी डोळे मिटून बसत असे आणि ते गसला कधी कळलं नव्हतं. आता डोळे मिटायची सोय नव्हती. तिने ब्रेकवरचा पाय थोडा ढिला केला आणि एवढं मोठं धूड हलू लागताच तिच्या घशातून बारीक आवाज निघाला.

"बटण चालू आहे," गस हळूच म्हणाला. "काही करू नकोस. तो धरेल."

त्याने धरलं. वळणामागून वळण गेलं. तिने ब्रेकला जवळजवळ स्पर्शही केला नाही आणि ट्रक खाली उतरत राहिला. एवढी भीती वाटत असूनही तिच्या मनात आलं, किती चांगला आहे हा ट्रक. आणि त्याच क्षणी तिला सगळं लख्ख कळलं. बुधवारचा घाम, बापाची कंपनी सोडणं, मघाचं ते हसू. हा ट्रक इतका चांगला होता की गसचा पाय त्याने वर्षानुवर्षं झाकून ठेवला असता. कुणाला पत्ता लागला नसता. रोजचे उतार तसेच गेले असते आणि मग एके दिवशी असंच एखादं वळण आलं असतं. तेव्हा दांडी ओढायला ती बाजूला नसती. बाजूला एलिन असती.

लिलावाच्या आवारात तिने ट्रेलर तीनदा चुकीचा मागे घेतला. कठड्यावर बसलेल्या दोघांनी तोंडावर हात धरून हसून घेतलं. तिने हसू दिलं. गायी उतरल्या. कॅफेत दोघांनी कॉफी मागवली. पुढ्यात आलेला सँडविच कुणी खाल्ला नाही. गसचा फोन वाजला. डीलर होता.

"विचारतोय, कसा वाटला. मी होय सांगतोय," गस म्हणाला.

"नाही सांग."

"काय?"

"हा नको. बुधवारचा घेऊ. तुमच्या घराण्याचा."

गस तिच्याकडे बघतच राहिला. मग टेबलावर वाकून, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खालच्या आवाजात म्हणाला, "नोरीन, त्याला पायाची मदत लागते. तुला सांगितलं ना. त्यात मला नाही जमणार."

"हो," नोरीन म्हणाली. "म्हणूनच."

फोनमधून डीलर हॅलो, हॅलो करत होता. गस आता ओरडेल, उठून निघून जाईल, तिला कधीच माफ करणार नाही, असं तिला वाटलं आणि ती खरोखर घाबरली, घाटात घाबरली होती त्याहून जास्त. पण तिने नजर हटवली नाही.

"पाय माझा असेल," ती म्हणाली.

गसने फोन कानाला लावला.

"बायको म्हणते, नको," तो म्हणाला. "हो. आता तीच चालवणार आहे."