माझ्या अंगावरचे तीन खोटे ठिपके

मित्रांनो, दवाखान्याच्या जिन्याखाली भिंतीला टेकलेला तो कळकट पांढरा फळा म्हणजे मीच! कारखान्यातून आलो तेव्हा इतका गुळगुळीत होतो की माशीसुद्धा घसरावी. मला याच दवाखान्यातल्या गणितवाल्या सरांच्या खोलीत टांगलं. वाटलं, आता बेरीज-वजाबाकी! पण सरांनी तीन चौकोन काढले: निरोगी, बाधित, बरे झालेले. शरीरसंबंधातून पसरणारा एक आजार होता. एका बाधिताकडून सरासरी किती जणांना लागण होते, याचं गणित माझ्यावर चालायचं. उत्तर एकाच्या वर गेलं की आजार वाढणार, खाली आलं की विझणार.

शेजारी तपासणीची खोली होती. तिथल्या सिस्टर दर महिन्याला बाधितांचा आकडा सांगायच्या, सर माझ्यावरच्या आलेखात त्याचा ठिपका काढायचे. साहेब लोक माझ्यासमोर उभे राहून "वा!" म्हणायचे. मी तर फुगून टम्म!

एकदा सासूबाई आजारी पडल्या म्हणून सिस्टर तीन महिने रजेवर गेल्या. आकडे नुसत्या कागदावर येऊ लागले. ठिपके धाडधाड उतरले. उत्तर एकाच्या खाली! सरांनी त्याच दिवशी साहेबांना तसा अहवाल पाठवला.

सिस्टर परतल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो सर, हे काय काढून ठेवलंत?"

"आजार संपत आलाय, सिस्टर. हसा की जरा!"

"टेस्टची किट्स संपली होती हो! तपासलंच नाही, तर बाधित सापडणार कुठून? थर्मामीटर फुटला म्हणून ताप उतरला म्हणायचं का?"

सर माझ्यापेक्षा पांढरे पडले. अहवाल चुकलाय, तपासणी थांबवू नका, अशी त्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली. सिस्टरनी साहेबांच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. "पोटातल्या बाळांनाही लागण होते, साहेब!" त्या कळवळून म्हणाल्या. उत्तर मिळालं, "आलेख तुमच्याच सरांचा ना?"

तपासणीच्या खोलीला कुलूप लागलं. सिस्टरची बदली झाली. सरांनी मला घासघासून पुसलं, पण वाळलेले ठिपके काही निघेनात. मग मी जिन्याखाली.

मित्रांनो, ठिपका काढण्याआधी एवढं विचारा, "तपासले किती?" मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे.

काल एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर तपासणीला आली. माझ्यावर चिकटवलेली सूचना तिनं मोठ्यानं वाचली: "आजार आटोक्यात आल्याने तपासणी बंद."

"बघा, उगाच घाबरवत होतात मला!" ती हसली.

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. दोघं तशीच, न तपासता, घरी गेली.